वरची चार बोटं जागा

आमचं पळसओहळ गाव शहापूर तालुक्यात आहे आणि गावासमोरचा ओढा ओलांडला की मुरबाड तालुका लागतो. ओढा स्वतः कोणत्या तालुक्यात आहे, हे मात्र अजून ठरलेलं नाही. ओढ्यात म्हैस वाहून गेली तर शहापूरवाले म्हणतात तिचं तोंड मुरबाडकडे होतं, आणि मुरबाडवाले म्हणतात शेपूट शहापूरकडे होतं. अशा गावात भारत सरकारवर पूर्ण विश्वास असलेला एकच माणूस राहत होता. तो म्हणजे बारकू टपालवाला.

बारकू अर्धवेळ टपालवाला होता, पण विश्वास पूर्णवेळ. सकाळी सायकल हाणत किन्हवलीला जायचा, पिशवी आणायचा आणि दुपारपर्यंत वाटायचा. १९९४ च्या उन्हाळ्यात त्या पिशवीतून पहिल्यांदा ‘दिल्ली ते दार’ निघालं. हे आमच्या खासदारांचं वार्तापत्र. केंद्र सरकारने कोणती नवी योजना काढली, किती खर्च केला, त्यातलं आपल्या भागाला काय आलं, याची आठ गुळगुळीत पानं. पन्नास प्रती, आणि पत्ता नुसता ‘ग्रामस्थ, पळसओहळ’.

बारकू पेचात पडला. पत्र ज्याचं त्याला पोचलं पाहिजे, हा त्याचा धर्म. ग्रामस्थ म्हणजे तर सगळेच. हातात द्यावं तर निम्म्या गावाने त्यात सुकट बांधली असती. शेवटी त्याने तोड काढली. पत्र कानात पडलं तरी पोचलंच की! त्या रविवारी एस.टी.च्या थांब्यावरच्या शेडमध्ये त्याने गाव जमवलं आणि वाचायला सुरुवात केली.

बारकूचं वाचन म्हणजे एक सोहळाच असे. तो सगळं वाचायचा. मथळा वाचायचा, मजकूर वाचायचा, फोटोखालच्या ओळी वाचायचा, शेवटी छापखान्याचा पत्ता आणि फोन नंबरही वाचायचा. “छायाचित्रात डावीकडून दुसरे...” असं आलं की आमचा महिपत हटकून विचारणार, “डावीकडून म्हंजे आपल्या का त्यांच्या?” महिपत म्हणजे वरच्या आळीतला शेतकरी. त्याची भातशेती बरी होती आणि जीभ त्याहून बरी होती.

“अठरा हजार कोटी रुपये,” बारकू वाचायचा.

“म्हंजे किती रे?” महिपत.

“आपल्या गावात मावणार नाय एवढे.”

“मंग शेजारच्या गावात ठेवूत. पण ते येतात कुठनं नि जातात कुठं, तेवढं वाच.”

“पुढच्या अंकात येल,” बारकू म्हणायचा, आणि खरंच पुढच्या अंकाची वाट बघायचा. रोजगार योजना, घरकुल, शाळेत पोरांना खिचडी, खेड्यांना जोडणारे पक्के रस्ते, दिल्लीत जे जे ठरलं ते ते महिना-दोन महिन्यांनी आमच्या शेडमध्ये पोचायचं. खिचडी तर खरोखर आलीसुद्धा. त्या दिवशी बारकूची मान अशी ताठ होती, की जणू डाळ त्याने दिल्लीहून सायकलवर आणली होती.

आता मुख्य गोष्ट. बारकूच्या बापाकडे पूर्वी गावाची दवंडी होती. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर म्हाताऱ्याने डफ पाटलाच्या ओट्यावर ठेवला आणि सांगितलं, “आतापासून तुमचं तुमी सांगा.” गावाने बराच धाक-दपटशा करून बघितला, काम बंद केलं, विहीर बंद केली, पण म्हातारा बधला नाही. पुढे कित्येक महिने कुणाची गुरं कोंडवाड्यात गेली तर मालकाला चार दिवसांनी कळायचं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा आता शेडमध्ये उभा राहून गावाला बातम्या सांगतो म्हटल्यावर कोणीतरी बोलणारच. कोणीतरी बोललं. बारकूच्या ते मनाला लागलं आणि त्याने दुसऱ्याच रविवारी एक लांब वही आणली.

“दवंडी ऐकून माणूस निघून जातो,” तो म्हणाला. “माझं ऐकून माणूस सही करील. फरक हाय.”

तेव्हापासून दर वाचनानंतर ऐकणाऱ्यांच्या सह्या व्हायच्या. वहीच्या पहिल्या पानावर त्याने एकदाच लिहून ठेवलं होतं, ‘सह्या करणारांनी मजकूर ऐकला व समजला’. पुढे प्रत्येक पानावर समासात तारीख आणि खाली सह्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी टपालाच्या शिक्क्याचं जांभळं पॅड होतं. रविवारी संध्याकाळी निम्म्या गावाचे अंगठे जांभळे दिसायचे.

मात्र प्रत्येक पानाच्या वरची चार बोटं जागा बारकू कोरी सोडायचा. मोजून चार बोटं, स्वतःची. मी गावच्या शाळेवर शिक्षक. एकदा त्याला कारण विचारलं.

“वर तुमी लोक ‘श्री’ लिवता,” तो म्हणाला. “आमी ‘जय भीम’ लिवतो. सही सगळ्या गावाची घ्यायची हाय. वर एकाचं काय टाकलं की दुसरा पेन उचलताना इचार करील. त्यापेक्षा वर काय नकोच. ती जागा सगळ्यांची.”

मला हे इतकं आवडलं, की मी पुढे दोन-तीन ठिकाणी माझीच कल्पना म्हणून सांगितलं.

सगळ्यात मन लावून ऐकणारी होती गीताबाई. ही बारकूची विधवा वहिनी, चार शेळ्या आणि एका मुलीची आई. तिचं भारत सरकारकडे एकच काम होतं, आणि ते म्हणजे साकव. ओढ्यावर माणूस चालून जाईल एवढा, चार हात रुंदीचा पूल. कारण तिची संघरत्ना ओढ्यापलीकडे दिली होती. हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात आई दगडावरून उड्या मारत जायची आणि लेकीकडून तिखट-मीठ घेऊन चूल विझायच्या आत परत यायची. पावसाळ्याचे चार महिने मात्र मायलेकी दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना ओरडून संसार सांगायच्या. सगळ्या गावाला संघरत्नाच्या सासूचे गुण तोंडपाठ होते, सासूलाही होते. एस.टी.ने फिरून जायचं तर आधी शहापूर, मग मुरबाड, मग टोकावड्याची गाडी. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला आपल्याच गावासमोर उभा! त्यात गीताबाईला एस.टी.त मळमळायचं.

१९९९ च्या मार्चमधल्या अंकात, पान सहावर, खासदार निधीतल्या कामांच्या यादीत चौदाव्या नंबरला ते आलं. ‘मौजे पळसओहळ येथे साकव बांधणे. मंजूर.’

बारकूने ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा गीताबाईने वाचायला लावली. त्या दिवशी सेहेचाळीस जणांनी सह्या केल्या, माझी सातवी. गीताबाईची पाळी आली तसं बारकूने सवयीने पॅड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं.

“पेन द्या भावजी.”

दोन वर्षं ती गुपचूप साक्षरतेच्या वर्गाला जात होती. तिने ओठ मुडपून, कागद फाटेल असं दाबून लिहिलं, ‘गीता’. तेवढ्यात ओळ संपली. मग ‘बाई’ खालच्या ओळीत लिहिलं. नंतर आपला स्वच्छ अंगठा तिने सगळ्यांना फिरवून दाखवला. 

जवळजवळ चार वर्षं साकव यादीत राहिला. ‘मंजूर’चं ‘निविदा स्तरावर’ झालं, मग ‘प्रगतिपथावर’ झालं. ओढ्याकाठी खरोखर दगडांचे दोन ढीग पडले आणि पाठोपाठ निळ्या अक्षरांचा लोखंडी फलकही आला. बारकू येता-जाता ते दगड असे बघायचा, जसे लोक घरात आलेली नवी सून बघतात.

२००३ च्या जानेवारीत ज्ञानेश्वर बारकूच्या घरी आला. ज्ञानेश्वर म्हणजे महिपतचा मुलगा. शाळेत असताना बारकूचा घसा बसला की हाच त्याच्या जागी उभा राहून खणखणीत वाचायचा. आता तो खासदारांच्या संपर्क कार्यालयात होता, खिशाला दोन पेनं आणि कमरेला मोबाइल.

“काका, म्हशाच्या जत्रेत साहेबांचा मंडप हाय. विकासाचं प्रदर्शन. तुमची वही द्या. असं वाचन आख्ख्या देशात कुठं नाय.”

बारकूने वही नव्या फडक्यात बांधून दिली. म्हशाच्या जत्रेला आम्ही एरवी बैल बघायला जायचो, त्या वर्षी वही बघायला गेलो. मंडपात ती काचेच्या पेटीत उघडून ठेवली होती, तेच सेहेचाळीस सह्यांचं पान. बारकू पेटीजवळून हलेना. घोंगड्या घ्यायला आलेल्या कोणाही अनोळखी माणसाला तो सांगायचा, “ही वहिनी. ओळ संपली तरी थांबली नाय.”

वही दोन महिन्यांनी परत आली. ते पान तिच्यात नव्हतं, कडेला नुसता फाटका पदर उरला होता. मी जरा चाचरत बारकूचं लक्ष वेधलं.

“साहेबांनी ठेवून घेतलं असेल,” तो हरखून म्हणाला. “फ्रेम करून लावलं असेल दिल्लीला.”

त्याने हे गावात सगळ्यांना सांगितलं. गीताबाईला तर दोनदा. आपली सही दिल्लीत भिंतीवर आहे, या समजात ती बाई पुढे तीन वर्षं वावरत होती.

वही आली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००४ च्या मे महिन्यात, अंक आला. संघरत्नाला तेव्हा सहावा महिना होता, श्रावणात बाळंतपण. शेडमध्ये गीताबाई पुढेच बसली होती. बारकू नेहमीच्या सुरात वाचत गेला, चौदाव्या नंबरला आला आणि त्याच सुरात वाचून गेला, “मौजे पळसओहळ येथे साकव बांधणे. पूर्ण.”

मग थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. पुन्हा वाचलं. पूर्ण.

 महिपत म्हणाला, “चला, बघून येऊ. का आपण भलत्याच ओढ्यावर राहतो?”

सगळं गाव ओढ्यावर गेलं. दगडांचे दोन ढीग होते. त्यावर शेळ्या चढल्या होत्या. फलक जागेवर होता आणि त्याच्यावरही लिहिलं होतं, काम पूर्ण.

“छापताना चूक झाली असेल,” बारकू म्हणाला. “पुढच्या अंकात सुधारतील.”

पुढच्या अंकात चौदावा नंबरच नव्हता. श्रावणात संघरत्नाला मुलगी झाली. गीताबाईला नात बाराव्या दिवशी दिसली. संघरत्नाने काठावर उभं राहून दुपट्यातलं पोर दोन्ही हातांनी उंच धरलं.

“कुणासारखी दिसते गो?” अलीकडून गीताबाई ओरडली.

“दिसत नाय का आये तुला?”

“पाणीच दिसतं नुसतं.”

बारकू मागे उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो कचेऱ्यांच्या फेऱ्यांना लागला. कोणत्या कचेऱ्या ते मी लिहीत नाही, त्या सगळ्याच फार सभ्य निघाल्या. या तालुक्यात गेला की साहेब त्याला खुर्ची देऊन सांगत, हे काम पलीकडच्या तालुक्याचं. पलीकडच्यांनी चहा देऊन अलीकडे पाठवलं. एका ठिकाणी तर कारकून कागद बघून कौतुकाने म्हणाला, “तुमचा साकव झालेला आहे. अजून काय पाहिजे?”

आणि मग २००५ च्या हिवाळ्यात, त्याच ‘दिल्ली ते दार’ने, पहिल्या पानावर, नवा कायदा आल्याचं छापलं. माहितीचा अधिकार. दहा रुपयांच्या अर्जावर कोणीही नागरिक सरकारचे कागद मागू शकतो. बारकूने ते शेडमध्ये वाचलं. तो अजूनही वाचतच होता, आता ऐकायला वीस-बावीस माणसं यायची, एवढंच.

“वाचतोस काय,” महिपत म्हणाला. “तुझ्या साकवाचे कागद मागव की.”

बारकूने अर्ज केला. कचेऱ्यांनी अर्जाचीही टोलवाटोलवी करून बघितली, पण मार्चमध्ये रजिस्टर पाकीट आलं. ते किन्हवलीहून बारकूनेच आणलं, बारकूलाच दिलं, आणि पोचपावतीवर बारकूनेच बारकूपुढे सही केली. नियम म्हणजे नियम.

आत बिलांच्या, मोजमापांच्या झेरॉक्स होत्या. शेवटच्या पानावर ‘लाभार्थी ग्रामस्थांचे समाधानपत्र’ होतं. वर टाइप केलेल्या तीन ओळी. ‘आमच्या गावी साकवाचे काम पूर्ण झाले असून ते चांगल्या दर्जाचे आहे. आम्ही समाधानी आहोत. आमची कोणतीही तक्रार नाही.’ त्याखाली सेहेचाळीस सह्या आणि अंगठे. सातवी माझी. मधोमध ‘गीता’, आणि खालच्या ओळीत ‘बाई’.

समासातली तारीख कापलेली होती. तीन ओळी वरच्या चार बोटांत अगदी बेताने बसल्या होत्या.

बारकू माझ्याकडे आला तेव्हा कागद त्याने शर्टाच्या आत, पोटाशी धरला होता. “गुरुजी, हे लपवता येल,” तो म्हणाला. “माझ्याच नावानं आलंय. मी कोणाला नाय दाखवलं तर कोणाला कळणार नाय.”  मी बोलायच्या आतच तो उठला. “पण पत्र गावाचं हाय,” म्हणाला.

त्या रविवारी त्याने ते शेडमध्ये वाचलं. सगळं वाचलं, बिलं, मापं, टाइप केलेल्या तीन ओळी, मग सेहेचाळीस नावं एकेक करून. नाव वाचलं की तो माणूस “हां” म्हणायचा, शाळेत हजेरी द्यावी तसा. आठ जण वारले होते. त्यांच्या नावानंतर बारकू जरा थांबायचा.

“टाइप कोणी केलं ते लिवलंय का?” महिपतने विचारलं. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

“नाय.”

“बरं,” म्हणाला आणि उठून गेला. जाताना त्याने कोणाकडे बघितलं नाही. त्यानंतर तो शेडमध्ये कधी आला नाही.

गीताबाई बसून राहिली. लोक पांगल्यावर ती बारकूसमोर उभी राहिली.

“मामंजींनी डफ टाकला. गावानं पाणी तोडलं तरी परत उचलला नाय,” ती म्हणाली. “आन तुमी आमचे हातच काढून दिलेत नेऊन. फ्रेम केली म्हनून सांगत होतात ना?”

“वहिनी, मला काय ठाव...”

“माझी सही परत आना.”

ती आणायला त्याने निघावं, यात नवल काहीच नव्हतं. तो दुसऱ्याच दिवशी शहापूरला ज्ञानेश्वरच्या कार्यालयात गेला. मी बरोबर होतो. ज्ञानेश्वरने खुर्च्या पुसून दिल्या, पंखा लावला, बारकूच्या पाया पडला. हे लोक पाया अजून व्यवस्थित पडतात. मूळ पान परत दे, एवढंच बारकू मागत होता.

“काका, ते फाइलला लागलं. आता कसं निघणार?”

“तुला मी वाचायला उभा केला होता रे.”

“मग काय वाईट केलं का? त्या साली निधी परत जाणार होता. कागद पुरे असले की पुढचा निधी येतो, त्यात साकव टाकायचाच होता. राहून गेलं.” मग जरा हसून, समजूत घालावी तसं म्हणाला, “आन खरं सांगू, वर जागा तुमीच मोकळी सोडली होती. मी काय कोणाच्या लिवलेल्यावर लिवलं नाय.”

बारकूने पुढ्यातला चहा बघितला. प्याला नाही. उठताना त्याने एकच विचारलं, “आता तरी नवा साकव मिळेल?”

“मिळाला असता,” ज्ञानेश्वर म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. “पण एकाच ठिकाणी दोन साकव देता येत नाहीत. नियम हाय.”

बारकूने तक्रारी केल्या. त्यांची उत्तरं आली, ती त्यानेच सायकलवर आणून स्वतःला दिली. चौकशी झाली, चौकशीत समाधानपत्र तपासलं, सह्या खऱ्या निघाल्या. कुठेच खोटं सापडलं नाही.

‘दिल्ली ते दार’ अजून येतं. बारकू शेडच्या बाकावर गठ्ठा ठेवतो आणि पुढे जातो. आता त्यात सुकट बांधली जाते. त्याला दुसरी एक खोड लागली आहे. कोणताही कागद हातात आला, मनीऑर्डरची पावती असो नाहीतर घरच्या पोरीच्या शाळेचा अर्ज असो, सही करण्याआधी तो वरच्या कोऱ्या जागेवर आडवी जाड रेघ मारतो. किन्हवलीच्या शाळेने दोन अर्ज परत पाठवले.

परवा, म्हणजे २००७ च्या आषाढात, आम्ही रेशनच्या रांगेत होतो. पुढे गीताबाई, मागे बारकू, त्याच्यामागे मी. बाहेर पाऊस लागला होता. संघरत्नाची मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि काठावरून आजीला स्वतः ओरडते. गीताबाईचा नंबर आला. दुकानदाराने वही तिच्यापुढे सरकवली, पेन दिलं. तिने पेन घेतलं नाही, अंगठा पुढे केला.

“अगो, तुला सही येते ना?” दुकानदार म्हणाला.

“येत होती.”

दुकानदाराचं पॅड सुकलं होतं. बारकूने खांद्यावरच्या पिशवीतून आपलं जांभळं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. गीताबाईने पॅडकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“तुमची शाई नको भावजी,” ती म्हणाली.

दुकानदाराने पेनातली कांडी काढून तिच्या अंगठ्यावर घासायला सुरुवात केली. अंगठा ओला होता, शाई धरत नव्हती. तो घासत राहिला, ती हात पुढे करून उभी राहिली, आणि बारकू उघडं पॅड हातात घेऊन तिच्यामागे.